उतरणीची वीस मिनिटं

जिवतीच्या चौकात संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक पांढरी गाडी उभी असायची आणि तिच्या दाराला टेकून एक उंच, पिकल्या दाढीचा माणूस भाजीबाजारातल्यासारख्या हाका मारायचा, "वजन द्या, वजन! गडचांदूर! उतरताना फुकट!" नवखा माणूस थबकून बघत राहायचा. हाच गृहस्थ सकाळी गडचांदूरहून घाट चढून येताना मोजून तीन सवाऱ्या घ्यायचा, रीतसर भाडं घ्यायचा आणि चौथा कुणी आला तर हात जोडायचा. संध्याकाळी मात्र त्याला माणसं पुरायची नाहीत. चार जण बसले की डिकी उघडायचा आणि कुणाचं तुरीचं पोतं, कुणाचे भोपळे, कुणाची शिलाई मशीन, असेल ते आत घ्यायचा. आमच्या शाळेतले गायकवाड सर अंगानं चांगलेच भरभक्कम. ते दिसले की युसूफभाऊ समोरचं दार स्वतः उघडून धरायचे.

"या सर, या. तुमच्यासारखे दोन भेटले तं आपली दिवाळीच."

गावातले लोक त्यांना पुण्यवान म्हणायचे. त्यावर ते खरंच चिडायचे. "पुण्य नाई करून राह्यलो बावा, चार्जिंग करून राह्यलो."

युसूफभाऊ जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या गाडीची मी रोजची सवारी होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिण्याचा थोडा हक्क मला आहे. माझं माहेर नागभीडचं. तिकडे नजर जाईल तिथवर सपाट धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. बैलगाडी उलटायची म्हटली तरी उतार मिळायचा नाही. लग्नानंतर गडचांदूरला आले आणि जिवतीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा माणिकगडच्या पहाडातला तो घाट रोज दोनदा माझ्या नशिबी आला. पहिल्या आठवड्यात चढताना मी डोळे मिटून बसायचे. युसूफभाऊंनी या घाटात तीस वर्षं लाल बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही विजेवर चालणारी गाडी घेतली, तेव्हा स्टँडवरचे जुने ड्रायव्हर हसले होते म्हणे. आवाज नाही, धूर नाही, ही कसली गाडी!

पहिल्याच दिवशी परतताना त्यांनी घाटमाथ्यावर गाडी थांबवली आणि उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. त्यांनी समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "बावन्न टक्के. ध्यानात ठेवा म्याडम." मग त्यांनी पाय उचलला. गाडी उतरू लागली, पण भरधाव सुटली नाही. कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी आवरत, हलकेच गुणगुणत एकेक वळण घेत राहिली. ब्रेकला त्यांनी पाय म्हणून लावला नाही. खाली आलो तेव्हा पडद्यावर चौपन्न होते.

"पाह्यलं? पहाडानं दोन टक्के वापस देल्ले." गाडीतल्या ज्या बटणानं ही करामत कमी-जास्त होते, त्याला ते 'वापसी' म्हणायचे, आणि ती कायम सगळ्यात वरच्या नंबरावर ठेवायचे.

मी विज्ञानाची बाई. गप्प बसले तर पगार हलाल कसा व्हायचा? मी त्यांना समजावून सांगितलं की पहाड काही देत नाही. चढताना आपणच बॅटरीतली वीज खर्च करतो. उतरताना मोटर चाकांच्या जोरावर फिरते, जनित्र होते, आणि त्या खर्चातला थोडा भाग परत येतो, एवढंच. युसूफभाऊंनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.

"पूरं नाई देत, हे मले मालूम हाये. चढताना धा घेते, उतरताना दोन देते. पन देते नं जी? तीस वर्षं याच उतारावर म्या नुसते ब्रेक जाळले. धूर निंगे, वास ये. ते सारं कुठी गेलं, सांगा बरं?"

यावर पाठ्यपुस्तकात उत्तर होतं. मी दिलं नाही.

त्यांना हे दोन टक्के कशाला हवेत, हे मात्र मला बरेच महिने कळलं नव्हतं. सप्टेंबरात एका दुपारी मोठं वादळ आलं, शाळा लवकर सुटली. घाट उतरत असतानाच त्यांच्या फोनवर शेजाऱ्याचा निरोप आला, की लाइट गेली. त्यांचा चेहरा उतरला. मला नेहमीच्या वळणावर न सोडता ते म्हणाले, "म्याडम, पह्यले घरी जातो. नाराज नोका होऊ."

मशिदीमागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. गाडी दारात लावून त्यांनी डिकीतून जाड वायरचं भेंडोळं काढलं, एक टोक गाडीला जोडलं, दुसरं खिडकीतून आत दिलं. मीही मागोमाग गेले. आत पलंगावर उशांना टेकून शमीमभाभी बसल्या होत्या. फुफ्फुसं आखडत जाण्याचा आजार. नाकाला नळी, उशाशी लहानसा सिलिंडर. तो तासाभराचा, गाडी जिवतीहून खाली येईपर्यंत पुरेल एवढा, आणि त्यातला बराच सरला होता. वायर लागली, कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या मशीननं एकदा शिट्टी दिली आणि घरघर सुरू केली. भाभींनी डोळे मिटून दोन-चार श्वास घेतले. मग नवऱ्याकडे बघून, थांबत थांबत विचारलं, "आज कितना लाए?"

"सत्तावन."

"बहुत हो गया," त्या म्हणाल्या आणि मला बसायला खुर्ची दाखवली.

एका टक्क्यावर मशीन पाऊण तास चालते, हे युसूफभाऊंनी मला चहा पिताना सांगितलं. पहाडाच्या पायथ्याला राहायचं म्हणजे वादळवाऱ्यात कधी चार तास, कधी दोन दिवस लाइट नाही. म्हणून चाळीस टक्क्यांच्या खाली ते कधी घरी यायचे नाहीत. कुणी जास्तीच्या फेरीला कितीही गळ घातली तरी नाही म्हणायचे. रोज घरात पाऊल टाकलं की भाभींचा तोच प्रश्न, आणि मग आकडा. त्यांच्यात दुसरं प्रेमाचं बोलणं मी कधी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. घाटाची उंची, चार माणसांचं वजन, वाटेतली गळती. स्वभावाला औषध नाही. उत्तर निघालं ते संध्याकाळी गाडीत सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं, की भाऊ, तुम्ही एवढ्या हाका मारून माणसं गोळा करता, पण चार जणांच्या वजनानं मशीनला मिळतात जेमतेम वीस मिनिटं. त्यापेक्षा घरी थोडा वेळ जास्त चार्जिंगला लावा.

त्यांनी आधी दोन वळणं उतरवली.

"म्याडम," मग ते म्हणाले, "तीस वर्षांतले आर्धे दिवस मुक्कामी गाडी चालवली. गाडी मुक्कामाले पहाडावर, अन् मी गाडीत. ती इथी एकली. दोन पोरी झाल्या, दोनी खेपेले मी ड्युटीवर. तिनं कधी काई म्हटलं नाई. आता तिले श्वास पुरत नाई. घरची लाइट सरकारची हाये, मर्जी झाली तं येते. हे वीस मिनिटं माह्या पायाचे हायेत. कमी हायेत का वीस मिनिटं?"

गायकवाड सर खिडकीबाहेर बघत होते. मी हिशेबाचा कागद चुरगळून पर्समध्ये टाकला.

त्या दिवशी मागच्या सीटवर भीमबाई होती. पहाडावरच्या एका कोलाम आदिवासी पाड्यावरची, बांबूच्या टोपल्या विणून बाजाराच्या आदल्या संध्याकाळी गडचांदूरला नेणारी म्हातारी. अंगावर मांस असं नाहीच. युसूफभाऊ तिला नेहमी छेडायचे, "बाई, तुमच्यानं पाव टक्का बी होत नाई. जेवत जा पोटभर." त्यानंतरच्या बाजाराला भीमबाई आली आणि युसूफभाऊंनी नेहमीप्रमाणे तिच्या टोपल्यांची चळत डिकीत ठेवायला उचलली, तर ती जागची हलेना. वरच्या टोपलीत हा एवढा काळा दगड.

"हे काय वं बाई?"

"वजन," भीमबाई म्हणाली आणि आत जाऊन बसली.

तिनं पाड्यावर सांगितलं, पाड्यानं चौकात. मग जो तो दगड घेऊन यायला लागला. माणसं बसायची तशी बसायची, पण प्रत्येकाच्या पायाशी एकेक दगड. घाट उतरला की रस्त्याकडेच्या पळसाखाली गाडी थांबायची, दगड उतरायचे, गाडी पुढे निघायची. महिना-दोन महिन्यांत पळसाखाली हातभर उंच ढीग झाला. दहा किलोच्या दगडानं मशीनला पुरतं एक मिनिटसुद्धा मिळत नाही. हा हिशेब मी तेव्हाच मनात केला होता, पण या वेळी तोंड उघडलं नाही. तेवढं शिकले होते.

शहाणपणा मात्र पूर्ण गेला नव्हता. माझ्या डोक्यात आलं, गाडी दिवसभर शाळेच्या कडुनिंबाखाली उभी असते, तिथेच चार्ज केली तर? मुख्याध्यापकांची परवानगी काढली. गाडीची चावी युसूफभाऊ ऑफिसातच ठेवायचे. ते नमाज आणि चहा-गप्पांसाठी चौकात गेले तसं मी आणि गायकवाड सरांनी व्हरांड्यातून वायर ओढून गाडी लावली. पेढे मिळाल्यासारखे आम्ही दोघं दिवसभर खूश. संध्याकाळी युसूफभाऊंनी पडद्यावर शंभर पाहिले. तिथूनच भाभींना फोन लावला. "आज देखना कितना लाता हूँ!"

घाटमाथ्यावर चप्पल काढली, पाय उचलला, आणि गाडी सुटली. मागून धरणारं कुणी नव्हतंच. पहिलं वळण कसं गेलं ते मला आठवत नाही, फक्त भीमबाईनं माझा हात आवळलेला आठवतो. युसूफभाऊंनी उघड्या पायानं ब्रेक दाबला. तीन वर्षांत फारसे न वापरलेले ब्रेक आधी करकरले, मग लागले. दुसऱ्या वळणाच्या कठड्याशी गाडी थांबली आणि जळका वास पसरला. आम्ही सगळे खाली उतरलो.

घरच्या कमी दाबाच्या लाइटीवर रात्रभरात गाडी सत्तर-पंचाहत्तरपर्यंतच भरायची, आणि तिथून लगेच चढण. भरलेली गाडी घाटाच्या माथ्यावर कुणी आणलीच नव्हती, त्यामुळे तिचं काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. बॅटरी भरलेली असली की परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, मग मोटर गाडीला आवरत नाही. इतकं साधं. मी रडायला लागले.

"तुमची चूक नाई म्याडम. भरल्या बॅटरीत पहाडानं ठेवावं कुठी?" ते कठड्यावर बसले. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाले, "मले काई झालं असतं, तं तिची वायर कोन लावन?"

ब्रेक थंड झाल्यावर त्यांनी आम्हाला पुढची तीन वळणं पायी उतरायला लावलं आणि रिकामी गाडी एकट्यानं खाली नेली. ते दगडही आम्ही हातातून नेले. भीमबाईनं तिचा कुणाला घेऊ दिला नाही.

शमीमभाभी पौषातल्या एका रविवारी दुपारी गेल्या.

मी भेटायला गेले तेव्हा गाडी दारातच होती. वायरचं भेंडोळं पायरीवर गुंडाळून ठेवलेलं. युसूफभाऊ ओट्यावर बसले होते. मोठी मुलगी नागपूरहून आली होती, तिनं मला पाणी आणून दिलं. आधी तेच बोलले.

"लाइट होती म्याडम. मशीन चालू होती. गाडीत एक्याऐंशी टक्के होते."

एक्याऐंशी टक्के म्हणजे साठ तास. अडीच दिवस. माझ्या डोक्यानं हा गुणाकार माझी परवानगी न घेता केला आणि तिथे बसवेना. मी मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि उठले.

चाळीस दिवसांनी ते पुन्हा गाडी घेऊन निघाले. संध्याकाळी चौकात गाडी उभी केली, पण दाराला टेकून हाका मारल्या नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आम्हीच आपापल्या जागी जाऊन बसलो. भीमबाई टोपल्या घेऊन आली, बसली. माथ्यावर गाडी थांबली नाही. चप्पल त्यांच्या पायातच होती.

पहिल्या वळणावर मला तो वास आला. मी पडद्याकडे पाहिलं. एकोणसाठ. बॅटरीत जागाच जागा होती. मग वापसीच्या नंबराकडे नजर गेली. तिथे शून्य होतं. त्यांनी ती स्वतःच्या हातानं बंद केली होती आणि प्रत्येक वळणावर, लाल बसमधल्यासारखा, ब्रेक दाबत ते खाली आणत होते. घाटभर ब्रेकचा वास. पायथ्याशी आलो तेव्हाही पडद्यावर एकोणसाठच. कुणी विचारायला नको म्हणून की काय, तेच म्हणाले, "आता कोनासाठी आनू?"

सवयीनं पळसाखाली गाडी थांबली. आम्ही कुणीच दगड आणला नव्हता; आणायचा की नाही हे कुणाला समजलं नव्हतं. भीमबाई मात्र उतरली, डिकीपाशी गेली आणि टोपलीतून दोन्ही हातांनी दगड काढला. युसूफभाऊ खाली उतरले.

"आता काऊन आनला वं बाई? गरज नाई आता."

"आतावरी गाडीसाठी आनत होती," भीमबाई म्हणाली. "हा तिच्यासाठी हाये. खाली ठिवू का तुह्याजवळ देऊ?"

त्यांनी तो हातात घेतला. छातीशी धरला आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, आम्हा चौघांसमोर हुंदके देऊन रडले. भाभींच्या मयतीला ते रडले नव्हते, असं मुलगी म्हणाली होती. भीमबाई बाजूला उभी राहून वाट बघत होती. आम्हीही.

पुढच्या शुक्रवारपासून तो ढीग कमी व्हायला लागला. ते रोज घरी जाताना थोडे दगड डिकीत घालून न्यायचे. कबरस्तानाच्या आत मी गेले नाही, पण फाटकाबाहेरून ती कबर दिसते. मातीच्या उंचवट्याला चारी बाजूंनी पहाडाचे काळे दगड लावलेले, लहानाशेजारी मोठा, जसे आले तसे.

उन्हाळ्यात त्यांनी नागपूरला मुलीकडे जायचं ठरवलं. "माही गाडी अनोळखी मानसाले नाई द्याची," म्हणाले, आणि ती मी घेतली. तोवर मी चालवायला शिकले होते, पण घाटात कधी नेली नव्हती. जायच्या आदल्या दिवशी ते मला शिकवायला आले. संध्याकाळी मी चौकात गाडी लावली, गायकवाड सर आणि भीमबाई मागे बसले, आणि युसूफभाऊ पहिल्यांदा आपल्याच गाडीत माझ्या शेजारी, सवारीच्या जागेवर बसले.

माथ्यावर मी थांबले. त्यांनी वाकून वापसी वरच्या नंबरावर नेली.

"चप्पल काढा."

मी काढली.

"आता पाय उचला. भेऊ नोका. धरते ते."

मी पाय उचलला. गाडी उतरू लागली, आवरत, गुणगुणत. माझी नजर रस्त्यावर होती, त्यांची पडद्यावर. वळणामागून वळण गेलं. पळस आला तशी मी गाडी बाजूला घेतली. तिथे आता एकही दगड उरला नव्हता.

"चौपन्न होते, छप्पन झाले," ते म्हणाले. "दोन टक्के. दीड घंटा." आणि सवयीनं, मान थोडी वळवून, वाट बघत राहिले.

त्यानंतर भाभींचा कुठला प्रश्न यायचा असतो हे त्या गाडीत त्यांच्याखेरीज मला एकटीला ठाऊक होतं. माझ्या ओठांवर तो आलाही होता. मला विचारता आला नाही.

पुढे नागपूरहून त्यांच्या जाण्याचा निरोप आला, तेव्हा पहिली आठवण त्या न विचारलेल्या प्रश्नाची झाली. विचारला असता तर त्यांनी आकडा सांगितला असता. कुणाला तरी सांगितला असता.